कापसाच्या पोटातली ओल

आबा,

शिंदखेड्याच्या जिनिंगात तुम्ही कापूस पारखायचात, तेव्हा गाडीवर पसरलेल्या पांढऱ्याशुभ्र थराकडे बघायचासुद्धा नाहीत. बाही वर सारून खांद्यापर्यंत हात आत घालायचात आणि तळातला मूठभर कापूस ओढून काढायचात. एकदा तुम्हाला ताप होता म्हणून मी गेलो आणि एक गाडी वरूनच बघून पास केली. आतून ती ओली, पिवळी पडलेली निघाली. दुसऱ्या दिवशी हमालांसमोर तुम्ही म्हणालात, "डोयाघाई दखीसन कापूस पारखस का रे? मंग देवनी हात काय नुसता जेवाले देयेल शेत?" हमाल खो खो हसले. महिनाभर मी तुमच्याशी धड बोललो नाही.

रोज सकाळी देवापुढे तुमचं एकच मागणं असायचं, "देवा, मन्हा मनमा जे माले दिखत नही, ते तू काढ." इतक्या सरळ माणसाच्या मनात दडलेलं काय असणार, याचं मला नवल वाटायचं. तुम्ही गेल्यावर मीही ते म्हणू लागलो, निव्वळ सवयीनं. कुणी ऐकत असेल असं काही वाटत नव्हतं.

गेल्या महिन्यात जामनेरला अक्काच्या सासरी गेलो होतो. ती कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजते आहे, बोलता बोलता म्हणते, "भाऊ, तू व्हता म्हनीसन आबानं बठ्ठं नीट झायं." तुमच्या आजारपणातल्या माझ्या सेवेचं हे कौतुक ऐकून मी दरवेळी मान डोलावतो. त्या दिवशी मान हलेना. डोळ्यांसमोर तुमची शेवटची दुपार उभी राहिली. तुम्ही अंथरुणावरून अक्काला हाक मारताय, फोन माझ्या खिशात आहे, आणि मी तो लावत नाही. लावला असता तर ती संध्याकाळपर्यंत पोचली असती. सेवा माझी आणि तुमच्या तोंडी नाव तिचं, हे मला सोसलं नव्हतं. फोन लागत नव्हता, असं मी सगळ्यांना सांगितलं आणि पुढे मलाही ते खरंच वाटू लागलं. मी न शोधता हे वर आलं होतं. इतकी वर्षं ते मागणं कुणीतरी खरंच ऐकत होतं.

मी सगळं सांगून टाकलं. वांगं करपलं तरी अक्का हलली नाही. आता ही मला घराबाहेर काढणार, असं वाटलं. पण ती हळूच म्हणाली, "आबानी माले हाक मारी?"

"हो."

"माले वाटे, आबा माले इसरी ग्यात. तुन्हासंगे मी नंतर भांडसू. पहिले सांग, कितला दाव?"

"दोनदा," मी म्हणालो. ती पदर तोंडाला लावून रडली, आणि रडता रडता हसली. मी ज्याला फक्त माझं पाप समजत होतो, त्याच्याखाली तिचा बाप पुरलेला होता. तो असा एका दुपारी तिला परत मिळावा, हे मला अजून पेलत नाही.

हे पत्र कुठेच जायचं नाही, म्हणून लिहितो. 'दोनदा' हेही खोटं होतं. त्या दुपारी तुम्ही तिलाच हाका मारत होता, सारख्या. माझं नाव एकदाही घेतलं नाहीत. आज सकाळी देवापुढे बसलो, तुमचं मागणं सुरू केलं, आणि भीती वाटून अर्ध्यावरच थांबलो.