टेकडीवरचा दगड

मंगळवार, संध्याकाळ. पिंपळनेर.

आज डोंगरातल्या गावात रेंज मोजायला गेलो. तिथे टॉवर हवा की नको, ते माझ्या ॲपमधल्या आकड्यावर ठरणार होतं. मोजायचं घरांमधून. पण पहिल्याच घरातल्या अक्कांनी मला थेट टेकडीवर नेलं आणि एका सपाट दगडावर गोणपाट अंथरलं. "भाऊ, आठे बस. आठेच रेंज येस. बठ्ठं गाव आठे ईसन बोलस." सगळं गाव फोनवर बोलायला तिथेच येतं म्हणे; पाहुण्याला चांगली जागा द्यावी, एवढंच त्यांच्या मनात. मी त्या दगडावर बसलो, त्यांचा चहा प्यायलो आणि तिथेच मोजलं. उणे ऐंशी. शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं, म्हणून ॲपने अख्खं गाव हिरवं दाखवलं. आकडा ऑफिसला गेलासुद्धा.

खाली अक्कांच्या अंगणात आलो तर रेंजच नाही. इथे परतल्यावर साहेबांना म्हटलं, पुन्हा मोजतो. "हिरवं आलंय ना? मग टॉवर कशाला?"

का बसलो मी त्या दगडावर? अक्कांच्या सुनेचे दिवस भरत आलेत. निदान खरं सांगावं म्हणून आत्ता अक्कांना फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. अंधार पडल्यावर दगडावर कोण असणार?