न दाबता केलेली सोनोग्राफी

सर, तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली. मी आता तुमच्या तेव्हाच्या वयाचा झालोय, आणि अजूनही एखादं मूल पोट धरून आलं की मला तुमच्यासमोर उभं राहिल्यासारखी लाज वाटते.

नव्वद सालानंतरची गोष्ट. आदिलाबादला सोनोग्राफीचं मशीन नवंनवं आलं होतं आणि ते चालवणारा मी, हैदराबादहून शिकून परतलेला तुमचाच विद्यार्थी. अंगात मस्ती होती, खोटं कशाला बोलू. तुम्ही आधी हात काखेत धरून गरम करायचात, दुखत नसलेल्या बाजूने पोट चाचपायला लागायचात आणि बघायचात मात्र मुलाच्या तोंडाकडे. मला त्याचं हसू यायचं.

पैनगंगेकाठच्या गावातली ती आठ वर्षांची पोरगी. बाप कापसाची वेचणी टाकून तिला खांद्यावर घेऊन आलेला. तुम्ही तिला एका पायावर उडी मारायला सांगितलं, तिला मारवेना. "अपेंडिक्स आहे. आजच काढू. तरी तुझ्या मशीनवर एकदा बघून घे," म्हणालात.

मी मशीनचा प्रोब, तो हातात धरायचा भाग, तिच्या पोटावर ठेवतो. पोटात वायू, पडद्यावर सगळं धुरकट. अशा वेळी प्रोब हळूहळू दाबत नेऊन वायू बाजूला सारायचा असतो, हे मला शिकवलेलं होतं. पण दाबलं की पोरगी रडते, आणि बाप म्हणतो, "दुखून राह्यलं जी तिले, हळू करा ना." मी हात सैल सोडला. अपेंडिक्स काही दिसलं नाही, तरी रिपोर्टवर नॉर्मल लिहिलं. वर तुमच्यासमोरच बापाला सांगितलं, उगाच पोरीचं पोट फाडायला नको. तुम्ही मला विचारलंत, "नीट दिसलं ना?" मी हो म्हणालो. तुम्ही विश्वास ठेवलात आणि थांबलात.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचं पोट लाकडासारखं कडक झालं. उघडलं तर अपेंडिक्स फुटून आत सगळीकडे पू. महिनाभर खाटेवर होती. वाचली ती तुमच्या हाताने. बापाने विचारलं, "साहेब, कालच काऊन नाही केलं?" मी तुमच्या मागेच उभा होतो. तुम्ही म्हणालात, "माझंच चुकलं. मी थांबायला नको होतं." मला नंतर एका शब्दाने बोलला नाहीत. बोलला असतात तर बरं झालं असतं.

तुमच्या तेराव्याला तो बाप आला होता. पंगतीत माझ्याशेजारी बसला नि म्हणाला, "लय देवमाणूस होते. फक्त माह्या पोरीच्या वक्ताले त्यायनं उशीर केला." मी हो म्हणालो आणि जेवत राहिलो. त्या रिपोर्टपेक्षा मला या होकाराची जास्त लाज वाटते, सर.

हे खरं तर त्याला सांगायला हवं. तो आहे अजून, गाव इथून तासाभरावर आहे. पण तो काहीतरी विचारेल. तुम्ही विचारणार नाही, म्हणून तुम्हाला लिहितोय.