विमानात पहिला कोण बसणार

॥ गावदेवी प्रसन्न ॥
नाशिकच्या पुढे, ९ ऑक्टोबर २००६

ती. आक्कास, भाचा धनेशचा सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नको, मी बरा आहे. फोन करत नाही कारण काळूकाका मोबाइलचा स्पीकर लावतो आणि माझी खबर टेमघरपर्यंत जाते. सुरतेचं काम सुटलं. म्हणजे मीच सोडलं. तिथनं रिकाम्या क्रेटच्या टेम्पोत बसलो. ड्रायव्हर भला माणूस, त्याला तीन मुली, तिघींची लग्नं त्याला एकाच मांडवात उरकायचीत आणि तिघींना तीन वेगळ्या रंगाचे मांडव पाहिजेत. ते राहू दे. त्याने मला जिथं उतरवलं तिथं समोर विमान उभं होतं.

इथं एका शेठची खासगी धावपट्टी आहे आणि चार सीटचं छोटं विमान. मी ते धुतो, चाकाखाली ठोकळे लावतो आणि सकाळी पट्टीवरची कुत्री हाकलतो. कुत्री हुशार आहेत, विमान उडणार नसेल त्या दिवशी हलतच नाहीत.

एक चूक झाली. शेठ विमान विकायला निघालाय. मी काकाला फोनवर फुशारकीत बोलून गेलो की तीस लाखांत मिळतंय, त्याच्या दोन गाड्यांच्या किमतीत. काका काहीच बोलला नाही. मागे असाच गप्प बसला होता तेव्हा शर्यतीचे बैल घेऊन आला होता. जरा अंदाज घे.

माया आहेच, शिव्या पण येऊ देत.
तुझा धनेश


कशेळी, १६ ऑक्टोबर २००६

चि. धनेशला आक्काचे अ. आ.

सांगते मी, लिहिते मृणाली. ती मधे स्वतःचं घुसवते, तिकडे लक्ष देऊ नको.

तुझ्या जिभेला हाड न्हाय. काळूराम चार दिवस वर बघत जेवतो. काल बोलला, खाडीकडचं शेत इकायचं आणि विमान आणायचं. गोदामांना बाकीची जमीन गेली तेव्हा मी हक्कसोडीवर अंगठा दिला, तुला ठाऊक हाय. ह्याच भावाने पातळ दिलं आणि सांगितलं, आक्का, हे एवढं शेत तुझंच समज, हाय तोवर भात पिकव. मी समजले. कागदाला कोण सांगणार? परवा दलाल येऊन माझ्या उभ्या भातात बूट घालून मोजणी करून गेला. तुझी काकी म्हणाली, विमान आलं तर मी माहेरी जाईन. तर हा म्हणाला, विमानानेच सोडतो.

मी नको म्हटलं तर तो उद्याच सही करेल, त्याचा स्वभावच तसा. आग तू लावलीस, तूच विझव.

(दादा, मी मृणाली. मला बाबांचं विमान पाहिजे होतं, कॉलेजात सांगूनही झालं. पण आक्का हल्ली शेतात जाऊन काम न करता नुसती बांधावर बसते. म्हणून आता नको.)

वेळेवर जेव आणि शेठच्या वस्तूंना हात लावू नको.
तुझी आक्का


नाशिकच्या पुढे, २५ ऑक्टोबर २००६

ती. काकांस, धनेशचा सा. न. वि. वि.

विमान घ्याच. भिवंडीत गाड्या रग्गड झाल्या, आता वरच जागा आहे. तुम्ही विचारलं नाही तरी विमानाचा थाट सांगतो. तासाला पस्तीस लिटर पितं, आणि साधं पेट्रोल नाही, वेगळं. ते पिंपातनं लांबून येतं. पिंप संपलं की आठ आठ दिवस विमान आणि मी एकमेकांकडे बघत बसतो. पायलटला महिन्याचा पगार, उडो न उडो. विम्यावाला दिवाळीला शेठकडे फराळ घेऊन आला होता, चकल्या उत्तम होत्या, त्यावरनं हप्ता केवढा असेल ते तुम्ही ओळखा.

वर्षातनं एकदा इंजिनीयर येतो, सगळं उघडून जमिनीवर पसरतो, जोडतो आणि सही करतो. त्याची सही नसेल तर विमान म्हणजे पंख लावलेली टपरी. मागच्या खेपेला माझ्या करंगळीएवढा पाइप बदलला, तेवढ्या पैशांत आपल्याकडे जुना लूम येतो. आणि दोन हजार तास उडलं की सगळं इंजिन नव्याने बांधायचं. ह्याचे अठराशे झालेत. हे तुम्हाला सांगू नको असं शेठने बजावलंय, म्हणून सांगतो.

आणखी एक. सीट चार आहेत, पण टाकी भरली की पायलट सोडून दोनच माणसं, तीही सोनं घरी ठेवून. बाकी विमान झकास. निळा पट्टा आहे.

काकींना नमस्कार, माझ्यावरचा राग पत्राबरोबर फाडून टाकावा.
आपला धनेश


कशेळी, २४ नोव्हेंबर २००६

चि. धनेशला काळूरामचे अ. आ.

कापणी आणि लग्नाच्या गडबडीत उत्तराला उशीर झाला. तू मला खर्च सांगतोस? उभ्याने खाणारं जनावर मी पाळलंय. माझे बैल रोज डझनभर अंडी खायचे आणि वर्षातनं दोनदा पळायचे. विमान अंडी तरी खात न्हाय. त्याच्यासाठी चार नंबरचं गोदाम रिकामं करतोय. उतरायचं म्हणशील तर बायपासच्या ठेकेदाराशी बोललो. तो न्हाय म्हणाला न्हाय, हसला.

तुझ्या काकीचा भाऊ दामू, त्याच्या पोरीच्या हळदीत मी स्टेजवरनं माइकवर जाहीर केलं. आपल्यात नवी गाडी आली की गावदेवीला नारळ फोडून सगळ्या भावकीला, सोयऱ्यांना एकेक चक्कर देतात, तशी विमानाचीही देणार. बँडवाल्याने लगेच वाजवलं. आता माघार न्हाय. शेत कापून मोकळं झालंय, पौर्णिमेला विसार घेतो. आक्का काय बोलत न्हाय, म्हणजे तिला पसंत असणार.

शेठला सांग, निळा पट्टा काढून भगवा मार. असाच उपयोगी पडत जा.
काळूराम


नाशिकच्या पुढे, २७ नोव्हेंबर २००६

ती. आक्कास सा. न. वि. वि.

घाईत लिहितोय, पोस्टमन उभा आहे आणि त्याची सायकल कुत्र्यांनी घेरलीय. खर्च सांगून काका हटत नाही, उलट फुगतो. पण भावकीला चक्कर देणार म्हणतोय आणि एका वेळी माणसं बसणार दोन. तू त्याला अवाक्षर बोलू नको. फक्त जो भेटेल त्याला विचार, पहिल्या चकरेला तुम्हीच ना? एवढंच विचारायचं आणि पुढे जायचं.

पौर्णिमेला आठच दिवस आहेत. आशीर्वाद दे, लागतील.
धनेश


कशेळी, १२ डिसेंबर २००६

चि. धनेशला अ. आ.

तू सांगितलंस तसं केलं. आधी दामूकडे गेले. तो म्हणाला, विचारता काय, माझ्याच मांडवात जाहीर झालं. मग चुलत्यांकडे गेले. ते म्हणाले, सोयरे मागनं, आधी भावकी. काळूरामचा मोठा जावई गोदामाच्या काट्यावर वजन करून आला, शहाण्णव किलो, हातातलं कडं धरून. तो एकटाच दोघांचा.

तिसऱ्या दिवशी काळूरामच्या दारात चपलांचा ढीग. त्याने लग्नपत्रिकेच्या पाठीवर नावांची यादी केली, फाडली, पुन्हा केली, पुन्हा फाडली. दामूने निरोप धाडला, बायकोचा भाऊ दुसऱ्या चकरेला बसणार असेल तर पुढच्या लग्नाला माझी वाट बघू नका. तुझी काकी त्या दिवशी चुलीकडे फिरकली न्हाय.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी ओटीवर सगळे जमले. काळूराम सगळ्यांची तोंडं बघत राहिला. मग म्हणाला, विमान घेतलंच असतं, पण शेत आक्काचं हाय. बहिणीचं शेत इकून मी उडणार न्हाय. सगळे वा वा करायला लागले, दोघांनी डोळे पुसले. एकटा दामू म्हणाला, "आक्कांचं हाय तर कागद दाखव."

काळूराम म्हणाला, कपाटाची चावी सापडत न्हाय, उद्या दाखवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला गाडीत घातलं आणि भिवंडीला रजिस्टर ऑफिसात नेलं. बक्षीसपत्र केलं, शेत माझ्या नावावर. साहेबाने विचारलं, खुशीने देताय ना? काळूराम म्हणाला, "द्यायलाच लागतंय." साहेबाने पेन खाली ठेवलं. तेव्हा म्हणाला, "खुशीने, खुशीने." तिथनंच तलाठ्याकडे फेरफाराचा अर्ज दिला. दलाल विसार घेऊन दारात बसलेला, त्याला चहा पाजून घालवला.

दामूने कागद वाचला. तारीख त्याच दिवशीची होती. ती त्याने दोनदा बघितली, पण मोठ्याने वाचली न्हाय. घडी घालून परत दिला.

(दादा, बाबा आता कॉलेजात काय सांगू विचारलं की चिडतात. मृणाली.)

आता नवीनच झालंय. शेत माझं, म्हणजे विमान माझ्या हातात, असा सगळ्यांचा हिशोब. रोज कोणीतरी येतं. जावई कोलंबी देऊन गेला. चुलत्यांनी वाल पेरायला बैल धाडले. दामू माझ्या तब्येतीची चौकशी करतो, आजवर कधी केली न्हाय. आणि काल काळूराम आला, चहा घेतला, बराच वेळ बसला आणि इंजिन नवीन बांधायला नेमके किती लागतील ते मला समजावून सांगायला लागला.

मी कोणाला न्हाय म्हणत न्हाय. विचार करते म्हणते.

तू तिथंच राहा, निदान वालाला शेंगा येईपर्यंत. इकडे आलास तर सगळे तुला विचारतील आणि तू खरं सांगशील.

तुझी खुशाली कळव, माझी बरी चाललीय.
तुझी आक्का