भिंगबाईंची शेवटची पडताळणी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, अविवाहित, निवृत्त बँक कर्मचारी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. हात थरथरतो, डोकं शाबूत आहे. खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे.

१. माझी एकतीस वर्षे एका मोठ्या बँकेच्या मुख्य कार्यालयात, चौथ्या मजल्यावर सह्या पडताळण्यात गेली. डावीकडे नमुना कार्ड, उजवीकडे आलेला कागद आणि हातात भिंग. हजारो ग्राहक मला सहीवरून ओळखू यायचे. तेच लिफ्टमध्ये शेजारी उभे राहिले तर पत्ता नाही. माझ्या पाठीमागे सगळे मला ‘भिंगबाई’ म्हणत आणि मला ते ठाऊक नाही असं समजत. ते भिंग माझ्या भाचीला, म्हणजे दादाच्या मुलीला द्यावे. सुई ओवताना कामाला येईल.

२. माझ्या सर्व ठेवी भाचीला. शिलाई मशीन माझ्याकडे कामाला येणाऱ्या बाईंना. पायडल अडकतं, तेल घालावे.

३. माझी बढती तीनदा अडवणाऱ्या साहेबांसाठी यात काही नाही. रागसुद्धा नाही. इतकी वर्षे सांभाळून त्याचाच कंटाळा आला.

४. राहते घर माझ्या थोरल्या भावाला, दादाला द्यावे, असे येथे लिहिले होते. ते मी खोडले आहे. खाडाखोडीशेजारी माझी छोटी सही आहे. कारण पुढे देते.

एकोणीस वर्षांपूर्वी दादा दुखण्यातून उठला, तेव्हा त्याचा उजवा हात नीट चालत नव्हता. मुलीच्या कॉलेजची फी भरायला तो आमच्याच बँकेत पैसे काढायला आला. सहीची शंका आली म्हणून खालून फॉर्म माझ्याकडे पाठवला. मी नाव वाचलं. नातेवाईकाचा कागद दुसऱ्या टेबलावर द्यावा, असा नियम होता. पण बहीण म्हणून सवलत दिली असं कोणी म्हणू नये, या हट्टापायी मी स्वतःच लाल शाईने लिहिलं, ‘सही जुळत नाही’. चार मजले उतरून त्याच्यासमोर नवी सही घ्यायची, एवढंच करायचं होतं. तो तासभर बाकावर बसून परत गेला. नंतर एकच वाक्य बोलला, “सख्ख्या बहिणीने मला ओळखलं नाही.” त्यानंतर बोलणं बंद.

गेल्या महिन्यात त्याच बँकेत माझी सही जुळेना. काउंटरवरची मुलगी उठून बाहेर आली, माझ्या शेजारी बसली. म्हणाली, “आजी, सावकाश करा. मी इथेच आहे.” मला तिथेच रडू आलं. घरी येऊन मी दादाला फोन लावला.

“दादा, घर तुझ्या नावावर करतेय.”

त्याने विचारलं, “साक्षीदार कोण?”

“डॉक्टर आहेत. दुसरा शोधतेय.”

“मग घर नको. मी येतो सहीला.”

“अरे, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही.”

“माहीत आहे गं. घर पोरीला दे. मला एकदा तुझ्यासमोर सही करायची आहे.”

फोन ठेवल्यावर मी किती तरी दिवसांनी पोटभर जेवले.

५. सबब राहते घरही भाचीला. दादाला काहीही नाही.

वरील मजकूर मी वाचला, तो मला मान्य आहे. दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही करीत आहे.

ठिकाण: माझ्या घरचे जेवणाचे टेबल
तारीख: सतरा मार्च, सकाळी अकरा

मृत्युपत्र करणारी: (सही)
साक्षीदार पहिले, डॉक्टर: (सही)
साक्षीदार दुसरे, दादा: (सही)

ता. क. हा मजकूर मृत्युपत्राचा भाग नाही. दादाला सही करायला चार मिनिटे लागली. शेवटचं अक्षर ओळीखाली घसरलं. मी शेजारी बसून, भिंग न लावता पाहिली. सही जुळते.