आढीच्या खिडकीतला पंखा

अण्णा, परवा मी पेंढ्यात आंबे पिकतात त्या आढीच्या खोलीत गेलो. तुम्ही तिथे पाय टाकायची मला बंदी केलीत, त्यानंतर पहिल्यांदाच. बंदी घालणारा जाऊन इतकी वर्षं झाली, ती पाळायला फक्त मी उरलो होतो, म्हणून पाळत राहिलो. गणपतीला घरी जातो, ओटीवर बसतो, पडवीत जेवतो, पण आढीच्या दाराशी आलं की पाय आपोआप विहिरीकडे वळतात. दादा कधी ‘आत ये’ म्हणाला नाही आणि मी कधी ‘येऊ का’ म्हणून विचारलं नाही. न बोलण्याची ही शिस्त तुमचीच. ती मात्र आम्ही दोघांनीही तुमच्याकडून नीट शिकून घेतली.

गेलो तो एका डब्यापायी. डबा म्हणजे कॉम्प्युटर. जाड पुस्तक आडवं ठेवावं एवढा छोटा डेस्कटॉप, कुठल्याशा ऑफिसाने जुना झाला म्हणून काढून टाकलेला. मी तो घेतला, डिस्क बदलली, मेमरी वाढवली आणि दादाला दिला. तुमच्या वेळी व्यापारी दारात येऊन पेट्या उचलायचा. आता दादा घरूनच पुण्या-मुंबईला पेट्या पाठवतो, ऑर्डरी त्या डब्यावर येतात, पेटीवर डकवायचे पत्ते त्यातूनच छापले जातात. तो आढीच्या खोलीतच ठेवलेला असतो, कारण कुठली पेटी आज निघायची हे आंब्याला हात लावून ठरतं आणि पत्ता लगेच तिथेच छापावा लागतो. ऐन मोसमात हा डबा पत्ते छापता छापता आपोआप बंद पडायला लागला. आंबा कुणासाठी थांबत नाही, हे वाक्य तुमचंच. दादाचा फोन आला, “तुझा डबा मेला रे परत. पेट्या भरून बसलोय नुसता.”

आधी त्याने तो रत्नागिरीला माझ्या दुरुस्तीच्या दुकानात पाठवला. उघडला तर आत पेंढ्याचं कूस, लाल धूळ आणि खारी हवा यांचं मिळून नमद्यासारखं जाड, घट्ट काहीतरी झालेलं, हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या, पात्यांवर चिकटून बसलेलं. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली पेस्ट वाळून जुन्या चुन्यासारखी पापुद्रे धरलेली. त्या पेस्टचं काम एकच, खालची उष्णता वरच्या धातूला पोचवायची. ती वाळली की प्रोसेसर स्वतःच्याच तापाने भाजतो आणि जळायच्या आधी स्वतःला बंद करून घेतो. मी सगळं ब्रशने झाडलं, स्पिरिटने पुसलं, नवी पेस्ट लावली. लोक वाटाण्याएवढी थापतात. मी तांदळाच्या दाण्याएवढी लावतो आणि चारी स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे पिळतो, म्हणजे दाब सगळीकडे सारखा बसतो. हे मला कोणी शिकवलेलं नाही.

माझी मुलगी दुकानात माझ्याबरोबर असते. तुम्ही तिला तान्ही पाहिली होतीत. डिप्लोमा झालाय तिचा. ती माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. म्हणाली, “बाबा, मागच्या जाळीपाशी फोमची पट्टी असते ना, ती नाहीये यात. पार कुजून गेलीय. गरम हवा बाहेर न पडता आतच फिरेल.” मी म्हटलं, “आधी पेस्ट बघ कशी लावतात ती.” ती पेस्टकडे बघायला लागली. दुकानात, टेबलावर, पंख्याखाली डबा मस्त चालला. मी परत पाठवला. आढीत जाऊन तो दुपारीच पुन्हा मेला. मग मात्र मीच गेलो. आरे-वारेच्या रस्त्याने, स्कूटरवरून, सगळी हत्यारं पिशवीत घालून आणि तोंड वाकडं करून.

आढीचं दार उघडलं आणि तो वास आला. पेंढा, पिकता आंबा, चिऱ्यांच्या भिंतीचा कोंदटपणा. नाकाला वय नसतं, अण्णा. मी एकोणीस वर्षांचा आहे आणि दारात टेबलफॅन घेऊन उभा आहे. त्या साली उष्मा फार आहे. तुम्ही पेंढ्याच्या थरात हात घालता, तळवा नाही, हाताची मागची बाजू, आणि तुमच्या कपाळावरून आम्हाला कळतं की आढी तापलीय. तो फॅन एका लॉजने जळाला म्हणून टाकून दिलेला. त्याची जळकी गुंडाळी मी स्वतः सोडवली आहे, वेढा न् वेढा लक्षात ठेवून नव्या तारेने भरली आहे, आणि टोकं बांधायला दोरा मिळेना म्हणून आईच्या निळ्या लोकरीने बांधली आहेत. मागचं झाकण फुटकं, म्हणून ती लोकर दिसते. माझ्या हातची ती पहिली वस्तू. मी तो स्टुलावर ठेवतो, तोंड पेंढ्याकडे करतो आणि खटका दाबतो. तुम्ही मालगुंडला कुणाच्या तरी तेराव्याला गेला आहात. परत याल आणि बघाल, एवढंच माझ्या मनात आहे.

तुम्ही परत आलात तेव्हा वरच्या थरातला आंबा सुरकुतला होता आणि खालचा देठाकडून कुजला होता. गडी उभे होते, दादा उभा होता. “शिंच्या, वारा घातला म्हणून उष्मा जातो काय? त्यास वाट लागते बाहेर जायची. हातास अक्कल नाही तुझ्या. पुन्हा आढीत पाय टाकू नकोस.” एक गडी हसत म्हणाला, “धाकट्या भाऊंनी आंब्यास वारा घातला, आता पाय पण चेपतील.” तुम्ही त्याला गप्प केलं नाहीत. तुम्हीही हसलात. संध्याकाळी मी फॅन शोधला, तर तुम्ही जेवता जेवता म्हणालात, “ती खुडबूड भंगारवाल्याने नेली.” आमटी वाढून घेतलीत आणि विषय संपला. पावसाळा सरल्यावर मी रत्नागिरीला गेलो तो गेलोच. दादाला तुम्ही शिकायला दापोलीला ठेवलंत. मी एका दुकानाच्या मागच्या बाजूला बसून रेडिओ उघडले, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर. इंग्रजी पुस्तकं शब्दकोश मांडीवर घेऊन वाचली. भिंतीवर लावायला माझ्याकडे एक कागद नाही. पण ज्याचा बोर्ड कुठेच दुरुस्त होत नाही तो शेवटी माझ्या पायरीशी येतो. आणि इतकी वर्षं प्रत्येक वस्तू दुरुस्त करताना कानाशी एकच वाक्य होतं. हातास अक्कल नाही तुझ्या.

तर परवा. आत जाऊन बघतो तो डबा चालू, पाठ भिंतीला टेकलेली आणि वर चक्क गोणपाट घातलेलं!

“दादा, हा पिकत घातलायस काय?”

“अरे, पेंढ्याची धूळ जाते आत. तूच म्हणालास ना, धूळ जाऊ देऊ नकोस?”

“धूळ म्हटलं होतं, हवा नव्हे.”

“मग तसं सांगायचंस नीट. मी काय तुझ्यासारखा हुशार?”

गोणपाट काढलं, डबा भिंतीपासून ओढला. तरी पत्ते छापायला घेतले की तापमानाचा आकडा नव्वदीच्या वर. मी तयारीनिशी गेलो होतो. झाकणाला मागच्या बाजूला भोकं पाडली आणि त्यावर एक तळहाताएवढा पंखा बसवला, गार वारा आत घालील असा. हिशेब साधा, जे तापलंय त्यावर वारा. आकडा जरा उतरला, घुटमळला आणि पुन्हा चढला. मी पंख्याचा वेग वाढवला. आकडा आणखी चढला. दादा पाटावर बसून आंबे निवडत होता. एकेक हुंगून बाजूला ठेवताना माझ्याकडे बघत होता. शेवटी म्हणाला,

“उलटा लाव की.”

“काय?”

“पंखा. तोंड बाहेर कर. तू आत वारा ढकलतोस, ती गरम हवा जाईल कुठे? अण्णांनी तो नाही का लावला तसा.” आणि त्याने हनुवटीने मागची खिडकी दाखवली.

त्या खिडकीत लाकडी चौकट होती. चौकटीत टेबलफॅन होता, मान कापून बसवलेला, तोंड बाहेर बांधाकडे, पाठ आमच्याकडे. फिरत होता. पाठीला झाकण नव्हतं. जवळ जाऊन पाहिलं. धुळीने काळी पडली होती, पण बोटाने पुसल्यावर निळी दिसली. लोकर.

“हा कोणी बसवला?”

“म्हणजे काय, अण्णांनीच. तू गेलास त्याच्या पुढच्याच मोसमात. सुतार बोलावून चौकट करून घेतली. तेव्हापासून उष्म्याने आढी गेली नाही बघ आपली.”

“भंगारात दिला म्हणाले होते.”

“म्हणाले खरे.”

“आणि मला कोणी सांगितलं नाहीत?”

दादाने हातातला आंबा हुंगला, ठेवला, दुसरा घेतला. “मी म्हटलं होतं रे त्यांना, कळवूया त्याला, बरं वाटेल. तर म्हणाले, नको, डोक्यावर चढून बसेल. मग मला वाटलं, कधीतरी आईने सांगितलं असेल.”

अण्णा, म्हणजे चूक वाऱ्याची नव्हती, तोंडाची होती. पंखा फिरवून ठेवायचा, एवढाच फरक होता. तुम्हाला तो एका पावसाळ्यात कळला, कारण तुम्हाला उष्म्याची वाट ठाऊक होती आणि पंखा मी आणून दिला होता. दोन्ही एकत्र आल्याशिवाय ती आढी वाचली नसती. ‘उलटा लाव’, दोन शब्द. ते तुम्ही सुताराला सांगितलेत, गड्यांना सांगितले असतील, दादाला तर पाठच झाले. ज्याचा पंखा होता त्याला सांगितले नाहीत. दर मोसमात तुम्ही या खोलीत बसलात, माझ्या हातच्या गुंडाळीचा आवाज ऐकत आंबे निवडलेत, आणि गणपतीला मी आलो की विचारायचात, “चाललंय ना काहीतरी?” काहीतरी! मोठ्या माणसांची चूक पोटात घालावी म्हणतात. घातली असती. ही चूक असती तर.

आता कळतंय की तुम्ही एकदा दुकानात का आला होतात. हॉस्पिटलला दाखवायला आला होतात, सोबत कुणी नव्हतं. माझ्या टेबलावर उघडे पंखे पडले होते. चहा पिता पिता तुम्ही त्यातला एक उचललात, पातं बोटाने फिरवलंत आणि बराच वेळ तो थांबेपर्यंत बघत बसलात. मग म्हणालात, “टिकतात बरे हे.” मला टोमणा वाटला. मी म्हटलं, “टिकतात, कुणी भंगारात दिले नाहीत तर.” तुम्ही पेला ठेवलात, टोपी घातलीत आणि गेलात. परवा दादाच्या पाटासमोर उभा राहून मला वाटलं, जे द्यायला आला होतात ते परत घेऊन गेलात. पुढच्याच क्षणी वाटलं, मी तरी का तुमच्या वतीने वकिली करतोय? आतलं बाहेर पोचवायला तुम्हाला काय मी पेस्ट लावायला हवी होती?

डबा उघडाच पडला होता. मी त्या छोट्या पंख्याचे चार स्क्रू काढले, पंखा फिरवला, पुन्हा लावला. या पंख्यांच्या कडेवर हवा कुठे जाणार त्याचा बाण कोरलेला असतो. तो आता बाहेर होता. आकडा उतरला, पण पत्ते छापताना अजून पंच्याऐंशी दाखवत होता. मग दिसलं. मागच्या जाळीपाशी फोमची पट्टी असायला हवी होती, तिथे नुसती काळी भुकटी. पात्यांमधून निघालेली गरम हवा त्या फटीतून आत परतत होती. आंब्याच्या पेटीतला एक पुठ्ठा घेतला, मापाने कापला, चारी बाजूंनी घट्ट बसवला, म्हणजे हवेला बाहेरचीच वाट उरली. आकडा सत्तरीवर आला आणि तिथे थांबला. दादाने एकामागून एक सगळे पत्ते छापले. डबा हूं की चूं न करता चालला.

“झालं बघ,” दादा म्हणाला. “हात आहे बाबा तुझा.” आणि निघताना, “तो खिडकीतला फॅन नेतोस काय? तुझाच आहे.”

“मोसम चालू आहे,” मी म्हटलं. त्याच्या बुशिंगला तेल सोडलं आणि निघालो.

हे मी दुकानात बसून बिलांच्या कोऱ्या पाठीवर लिहितोय. कुठल्या पत्त्यावर टाकणार? खणात जाईल, स्क्रूच्या डब्यांखाली. मुलगी समोरच्या टेबलावर एक बोर्ड उघडून बसलीय. आल्या आल्या तिने विचारलं होतं, “काय निघालं शेवटी, बाबा? फोमच ना?” मी म्हटलं, “दादाने गोणपाट घातलं होतं, पंखा उलटा केला, झालं.” ती “अच्छा” म्हणाली आणि मान खाली घालून कामाला लागली. आता पुन्हा विचारतेय, “एवढं काय लिहितोस?” मी सांगितलं, “कोटेशन.”

पुठ्ठ्याचं तिला अजून सांगितलेलं नाही.