पुराचा मेसेज

१ ऑगस्ट
आजपासून रोजनिशी. पुराचा इशारा देणाऱ्या ट्रस्टचा सर्व्हर आधीपासून मीच बघतोय, आता अधिकृतपणे माझ्या ताब्यात. महाडात लिनक्स कळणारा मी एकटाच, दुसऱ्या कुणाला देणार? पोलादपूरच्या डोंगरातली पर्जन्यमापकं आकडे पाठवतात, पाऊस फार झाला की नदीकाठच्या घरांना आपोआप मेसेज जातो. किरकोळ काम.

२ ऑगस्ट
दासगावला जानूमामाकडे जेवलो. मामाने विचारलं, मेसेज नाय आला तर? म्हटलं, मेसेज नाही म्हणजे पाणी नाही, बिनधास्त राहा. आवडीमामी म्हणाली, आपला भाचा हाय तिथं, मग कसली काळजी.

६ ऑगस्ट
डिस्क शंभर टक्के भरली. जुने लॉग, म्हणजे सर्व्हरच्या नोंदी, आपोआप काढायचं सेटिंग कुणी केलंच नव्हतं. कुणी म्हणजे मीच, पण तेव्हा मी नवीन होतो.
सर्वात मोठी लॉग फाइल उडवली. डिस्क तरी शंभर! मेसेज पाठवणाऱ्या प्रोग्रामने ती फाइल धरून ठेवलेली असते म्हणे, तेवढा प्रोग्राम रीस्टार्ट करायचा. अर्धवट कामं आपल्याला जमत नाहीत. उद्या अख्खा सर्व्हरच रीबूट.

७ ऑगस्ट
रीबूट. डिस्क मोकळी. पिंगला उत्तर येतंय, म्हणजे सर्व्हर जिवंत. ऑफिसातली शर्मिला म्हणाली, एक टेस्ट मेसेज पाठवून बघू या का? लोक उगाच घाबरतील, म्हटलं. बाईमाणसांना शंका फार.
संकल्प: सोमवारपासून मॉनिटरिंग, बॅकअप, सगळं नीट लिहून ठेवणं.

१० ऑगस्ट
सोमवार. डोकं दुखतंय. उद्या.

१२ ऑगस्ट, दुपार
पोलादपूरकडे सकाळपासून ओततोय. एकही मेसेज नाही, म्हणजे सगळं ठीक. मामाचा फोन आला. राजेंद्र, पाणी चढतंय रे, म्हशी सोडू काय? म्हटलं, सिस्टिमवर काही नाही, घाई करू नको. बरं, म्हणाला. त्याचा माझ्यावर फार विश्वास.

१३ ऑगस्ट
मामा सापडत नाही. म्हशी सोडायला उशिरा गेला. गोठ्याची भिंत पडली.
मामा पोहण्यात पटाईत. कुठेतरी झाडाला धरून असेल.

१४ ऑगस्ट
सापडला. खाडीकडे.

१५ ऑगस्ट
ऑफिसात कुणी नव्हतं. मेसेज पाठवणाऱ्या प्रोग्रामचं स्टेटस बघितलं. इनअ‍ॅक्टिव्ह, डेड. सात तारखेपासून बंद. रीबूटनंतर तो आपोआप चालू व्हावा म्हणून एक कमांड द्यावी लागते. एका ओळीची.
दिली. लगेच चालू झाला.
पण नेटवर्क त्या दिवशी कुठे धड होतं? मेसेज गेला असता तरी पोचला असता का, सांगता येत नाही. आणि सर्व्हर जुना आहे.

१७ ऑगस्ट
दासगावला गेलो. मामीने मामाचा फोन पदराने पुसून माझ्या हातात दिला. चालू होत नाही. म्हणाली, तुझा मेसेज आला असंल रे, त्यांनाच वाचाय आला नसंल. चष्मा घरातच होता त्यांचा.
मी हो म्हटलं.