पेन्शनमधून कर जास्त कापायला सांगा

बाबा,

छकुलीला लस टोचायला नेतेय, यायला दुपार होईल. तेवढ्यात पेन्शन ऑफिसात जाऊन या. दर महिन्याला कर जास्त कापा म्हणावं. तुमच्या दुकानातल्या नोकरीचा पगार त्यांना ठाऊकच नाही, म्हणून ते कमी कापतात आणि वर्षअखेरीला सगळा कर एकदम अंगावर येतो.

गेल्या वर्षी तो तुम्ही कानाच्या मशीनसाठी ठेवलेल्या पैशांतून भरलात, हे मला काल रात्री ह्यांच्याकडून कळलं. आणि परवाच मी तुम्हाला बोलले, "पोरगी रडून लालबुंद झाली, तरी तुमचं आपलं पेपर वाचणं चालूच." तुम्ही नुसते हसलात. तेव्हाच सांगायचं होतंत.

घरात चार पैसे जास्त यावेत म्हणून तुम्ही ओढाताण करता, दिसतं मला. पण पेन्शन थोडी कमी आली तरी भागवू आपण, ह्यांच्याशी बोलून झालंय. मशीन मात्र या महिन्यातच घ्यायचं. नाही म्हणू नका. पोरीला तुमच्यावर सोपवून मला एकदा दार लावून तासभर झोपायचंय.

पोळी-भाजी झाकून ठेवलीय.

— सूनबाई